अर्धशिशीच्या गोळ्या: कुठली कुठल्या बरोबर, कुठली कधीच नाही

"भाऊ, डोकं दुखी ऱ्हायनं, गोयी दे." भुसावळ असो, चोपडा असो की शहादा, मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. गोळी दिली जाते, तीही बहुतेक वेळा सुटी. कात्रीने कापलेल्या दोन गोळ्यांवर ना धड नाव उरतं, ना तारीख. घरच्या डबीत आधीची एखादी असते, जावेने दिलेली दुसरी असते, जुन्या चिठ्ठीतली तिसरी असते. डोकं उठलं की हाताला लागेल ती तोंडात जाते, आणि तासाभरात उतार पडला नाही तर पुढची.

अर्धशिशीवर दोन-तीन औषधं एकत्र घेणं मुळात गैर नाही. नुसत्या वेदनाशामकाने भागत नसेल तर त्याला ट्रिप्टान, म्हणजे खास अर्धशिशीचं औषध, जोडा, असा सल्ला अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०२५ साली दिला. आपल्याकडचे न्यूरोलॉजिस्टही तसंच लिहून देतात. घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने. एकाच कामाच्या दोन गोळ्या दोन नावांनी पोटात जातात, किंवा रोज घ्यायची गोळी फक्त दुखेल तेव्हा आणि दुखल्यावर घ्यायची गोळी रोज घेतली जाते. मी मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही. खाली दिलेले डोस निरोगी मोठ्या माणसाचे नेहमीचे आहेत. आपल्या हातातली चिठ्ठी वाचता यावी आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी ते लिहिले आहेत.

आधी खात्री: ही अर्धशिशीच ना?

औषध न घेतल्यास अर्धशिशीचा अटॅक ४ ते ७२ तास टिकतो. डोकं ठणकतं, बहुधा एका बाजूने, पण दोन्ही बाजूंनीही दुखू शकतं. वाकलं, जिना चढला की वाढतं. सोबत मळमळ किंवा उलटी असते, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही सोसवत नाहीत. काहींना दुखण्याआधी ५ मिनिटं ते तासभर डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात किंवा बोटांना, ओठांना मुंग्या येतात. याला ऑरा म्हणतात.

पुढच्या प्रकारांत मात्र गोळी शोधत बसू नका, गाडी काढा. आयुष्यात कधी झालं नाही इतकं भयंकर दुखणं मिनिटभरात शिगेला पोहोचलं. सोबत ताप आहे आणि मान आखडली आहे. हातपाय लुळे पडले, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, फिट आली. डोक्याला मार लागल्यानंतर दुखू लागलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं.

आणखी एक प्रकार आपल्या भागात विसरून चालणार नाही, तो बाळंतिणीचा. बाळंतपणानंतरच्या दिवसांत मेंदूतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. त्यात बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी रीत आणि वैशाखाचं ऊन एकत्र आलं तर अंगातलं पाणी आटतं. बाळंतिणीचं न थांबणारं डोकं "वारा लागला" म्हणून बांधून ठेवायचं नसतं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल असलेल्यांनाही हेच लागू आहे. सिकलसेलमध्ये पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी आधी तपासून घ्यायची. अशा माणसाने ट्रिप्टान किंवा अर्गोटामीन (अर्धशिशीचं जुनं औषध) स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये, आणि मूत्रपिंडावर आधीच ताण असल्यामुळे ब्रुफेनसारख्या (आयबुप्रोफेनच्या) गोळ्याही विचारूनच घ्याव्यात.

पायरी पहिली: भिंतीवरचं कॅलेंडर

डायरी लिहा म्हटलं की कुणी लिहीत नाही. पण दूधवाल्याचा खाडा आपण कॅलेंडरवर मांडतोच, त्याच चौकोनात डोक्याचाही मांडा. दुखलं त्या दिवशी एक फुली. गोळी घेतली तर तिचं पहिलं अक्षर आणि किती वाजता घेतली ते. पाळीचे दिवस, उपास, जागरण यांची एखादी खूण. हे तीन महिने जमलं तर उत्तम, निदान एक महिना तरी कराच.

यातून दोन आकडे हाती लागतात: महिन्यात किती दिवस दुखलं आणि किती दिवस गोळी घेतली. गोळ्या किती घेतल्या हा आकडा वेगळा, गोळीचे दिवस किती हा वेगळा. पुढचे बहुतेक निर्णय दिवसांच्या आकड्यावर होतात. शिवाय काय केल्यावर डोकं उठतं हेही दिसू लागतं. श्रावणातले आणि नवरात्रातले उपास, कानबाईचं जागरण, लग्नसराईतला डीजे, दुपारच्या उन्हात डोक्याला उपरणंही न बांधता केलेलं काम. कापूस वेचताना किंवा केळीचे घड उतरवताना जेवणाची वेळ टळणं हेही मोठं कारण असतं, आणि त्याला औषधाची गरजच नसते.

पायरी दुसरी: डबी रिकामी करा

घरातल्या सगळ्या डोकेदुखीच्या गोळ्या एका ताटात ओता. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा. इंग्रजी जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बसवा. ज्या गोळीचं नाव वाचता येत नाही ती फेकून द्या. पुढच्या वेळी सुट्या गोळ्या घ्याव्या लागल्या तर नावाकडचा तुकडा मागून घ्या किंवा पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढा.

ताटात बहुधा हे सापडेल. पॅरासिटामॉल. मग आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन ही सूज आणि वेदना कमी करणारी भावंडं. सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान अशी 'ट्रिप्टान'ने संपणारी नावं ही खास अर्धशिशीची औषधं. अर्गोटामीन हे त्याच कामाचं जुनं औषध. डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन ही मळमळीची. उरलेल्या बहुतेक रोज घ्यायच्या, प्रतिबंधाच्या.

एकाच पाकिटात दोन-तीन घटक असतात, आणि नेमकं तिथेच लोक फसतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आहे. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफिन. नॅक्सडॉममध्ये नॅप्रोक्सेन आणि डॉम्पेरिडोन. खान्देशात सगळ्यांच्या तोंडी असलेल्या व्हॅसोग्रेनमध्ये तर चार औषधं आहेत: अर्गोटामीन १ मिलिग्रॅम, कॅफिन १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम आणि प्रोक्लोरपेराझिन अडीच मिलिग्रॅम. कॉम्बिफ्लामने उतरलं नाही म्हणून नॅक्सडॉम घेतली तर दोन भावंडं एकत्र पोटात गेली. वेदना त्या प्रमाणात कमी होत नाही, पण जठर आणि मूत्रपिंड यांच्यावरचा ताण वाढतो. तेव्हा नियम सोपा ठेवा: भावंडांपैकी एका वेळी एकच. पॅरासिटामॉल त्यांच्यासोबत चालतं, पण सगळ्या पाकिटांतलं मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीही जाऊ द्यायचं नाही. दारू पिणाऱ्याने किंवा यकृताचा त्रास असणाऱ्याने त्याहून बरंच कमी, डॉक्टर सांगतील तेवढंच.

पायरी तिसरी: अटॅकच्या दिवशी

पहिली गोष्ट वेळेची. "बघू, थांबेल आपोआप" म्हणत तीन तास काढले की तीच गोळी निम्मंही काम करत नाही. अर्धशिशीत जठराची हालचाल मंदावते, गोळी तिथेच पडून राहते आणि रक्तात उशिरा पोहोचते. दुखणं सौम्य असतानाच, हे अर्धशिशीचंच आहे असं ओळखू आलं की लगेच, पुरेसा डोस घ्यायचा. अर्धी गोळी आता आणि अर्धी नंतर ही काटकसर इथे उपयोगाची नाही. नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम किंवा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, सोबत दोन घास खाणं आणि पेलाभर पाणी. ज्यांना भावंडं चालत नाहीत त्यांनी पॅरासिटामॉल १ ग्रॅम.

मळमळ असेल तर डॉम्पेरिडोन १० मिलिग्रॅम किंवा मेटोक्लोप्रामाइड १० मिलिग्रॅम सोबतच घ्यायचं, उलटी होण्याची वाट पाहत बसायचं नाही. ते मळमळ थांबवतं आणि जठराची हालचाल सुरू करून दुसरी गोळी पुढे ढकलतं, असं त्याचं दुहेरी काम आहे. म्हणून ही जोडी खरोखर अर्थाची. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी डॉम्पेरिडोन टाळावं. मेटोक्लोप्रामाइडने तरुण मुलामुलींची कधीकधी मान-जबडा वाकडा होऊन आखडतो. घरचे घाबरून बाहेरचं काही लागलं म्हणतात आणि उतारा शोधतात. तो औषधाचा परिणाम असतो आणि दवाखान्यात एका इंजेक्शनने उतरतो.

हे सगळं वेळेवर, पुरेशा डोसमध्ये घेऊनही दोन-तीन अटॅकमध्ये भागलं नाही, तर पुढची पायरी ट्रिप्टानची. सुमाट्रिप्टान ५० किंवा १०० मिलिग्रॅम, रिझाट्रिप्टान १० मिलिग्रॅम. ऑरा येणाऱ्यांनी ते चमकत्या रेषा दिसताना न घेता दुखणं सुरू होताच घ्यायचं. जिभेवर विरघळणारी गोळी जास्त लवकर काम करते असा समज आहे. तसं नसतं, पण पाणी न पिता घेता येते म्हणून शेतात किंवा एसटीत ती सोयीची पडते. घेतल्यावर छाती-गळा आवळल्यासारखा वाटणं, मुंग्या येणं हे बऱ्याच जणांना होतं आणि थोड्या वेळात जातं.

ट्रिप्टान रक्तवाहिन्या आकुंचित करतं. हृदयविकार झालेला, पक्षाघात झालेला, पायांच्या रक्तवाहिन्या चोंदलेल्या, रक्तदाब ताब्यात नसलेला, यांपैकी कुणालाही ते चालत नाही. चाळिशी-पन्नाशीतला मधुमेही, तंबाखू-विडीवाला माणूस पहिल्यांदाच घेणार असेल तर आधी हृदय तपासून घ्यावं. हे औषध चिठ्ठीशिवाय देऊ नये आणि मागूही नये, असं मी मेडिकलवाला असूनच सांगतो.

आता या विषयातली सगळ्यात चांगली जोडी: ट्रिप्टान आणि नॅप्रोक्सेन. ट्रिप्टान अर्धशिशीच्या मुळाशी असलेल्या नसांच्या यंत्रणेवर काम करतं, नॅप्रोक्सेन सुजेच्या रसायनांवर, आणि नॅप्रोक्सेन शरीरात जास्त वेळ टिकतं. सकाळी गोळी घेऊन डोकं उतरतं आणि रात्री पुन्हा उठतं, अशी ज्यांची तक्रार असते त्यांना या जोडीचा विशेष फायदा होतो. सुमाट्रिप्टान ८५ आणि नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम एकाच गोळीत असलेल्या औषधाला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचण्यांत एकेकटं घेण्यापेक्षा ही जोडी सरस ठरली होती. दोन वेगळ्या गोळ्या एकाच वेळी घेऊनही काम होतं. मळमळ असेल तर त्यात तिसरं डॉम्पेरिडोन. तीन गोळ्या, तिघींची कामं वेगळी.

पहिल्या ट्रिप्टानने उतरून पुन्हा दुखू लागलं तर निदान दोन तासांनी दुसरा डोस घेता येतो. सुमाट्रिप्टानची दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. पहिल्या डोसने काहीच फरक पडला नसेल तर त्याच अटॅकमध्ये दुसरा घेऊन बहुधा काही साधत नाही. एक ट्रिप्टान तीन अटॅकमध्ये फसलं तर डॉक्टर दुसरं देऊन पाहतात, ते लागू पडू शकतं.

आणि सगळ्यात धोक्याची जोडी: ट्रिप्टान आणि अर्गोटामीन. दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात. या दोघांमध्ये २४ तासांचं अंतर हवंच. म्हणजे सकाळी व्हॅसोग्रेन घेतलेल्या माणसाला संध्याकाळी सुमाट्रिप्टान चालत नाही. चिठ्ठी पाहून सुमाट्रिप्टान देताना मी हा प्रश्न विचारतो आणि गिऱ्हाईक चमकतं, कारण सकाळच्या त्या गोळीला ते औषध समजतच नसतं. अर्गोटामीनला आणखी एक वैरी आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी अँटिबायोटिक, बुरशीवरच्या काही गोळ्या आणि एचआयव्हीची काही औषधं अर्गोटामीनला शरीराबाहेर पडू देत नाहीत. ते साठतं, हातापायांची बोटं थंड, निळी पडतात, आणि बोट गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. माझं मत विचाराल तर ट्रिप्टान मिळत असताना अर्गोटामीनच्या वाटेला जायचं कारण आता फारसं उरलेलं नाही.

गोळ्यांनी भागलं नाही की लोक गावातल्या दवाखान्यात "सुई" घ्यायला जातात. जरूर जा, पण घरी काय घेतलं ते आधी सांगा. ती सुई बहुधा डायक्लोफेनॅकची असते आणि घरी नॅप्रोक्सेन झालेलं असतं. सोबत स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं तर डोकं छान उतरतं, मधुमेह्याची साखर मात्र वर जाते. एखाद्या वेळी ठीक, पण दर महिन्याला ते घेणं म्हणजे नवा आजार ओढवून घेणं. ७२ तासांच्या वर अटॅक चालला, उलट्यांनी पाणी टिकत नसेल, तर सलाइन लावून उपचार होतील अशा ठिकाणी जायचं. तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी, जळगाव, धुळे आणि नंदुरबारला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या कुळातली औषधं अर्धशिशीसाठी मागू नका. अर्धशिशी त्यांनी नीट शमत नाही आणि सवय मात्र लागते.

पायरी चौथी: दिवसांचा हिशेब

साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान, अर्गोटामीन, ट्रॅमाडॉल आणि व्हॅसोग्रेन-सॅरिडॉनसारख्या मिश्र गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की औषधामुळेच डोकं दुखू लागतं. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की गोळी. माझ्याकडे दर दोन दिवसांनी येणारी जी गिऱ्हाइकं आहेत त्यांतल्या कित्येकांचा मूळ आजार मागेच राहिला आहे, आता ती गोळीचं देणं फेडत बसली आहेत. म्हणून कॅलेंडरवर अटॅकच्या गोळीचे दिवस आठवड्याला दोनच्या वर जाऊ लागले की डॉक्टरांकडे जायची वेळ झाली समजा.

सोडवणूक कशी? बहुतेक वेदनाशामकं आणि ट्रिप्टान एकदम बंद करता येतात. अफूच्या कुळातली मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. बंद केल्यावर दोन ते दहा दिवस डोकं नेहमीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. ट्रिप्टानवाले लवकर सुटतात, वेदनाशामकवाले उशिरा. त्याच वेळी रोजची प्रतिबंधक गोळी सुरू केली तर हा काळ सुसह्य होतो. पेरणी, कापूस वेचणी, घरचं लग्न अशा दिवसांत हे सुरू करू नका. चहाचाही हिशेब धरा. दिवसाला सहा-सात कप आणि वर कॅफिनची गोळी असेल तर दोन्ही उतरवायला हवेत, पण चहा थोडा थोडा कमी करा.

पायरी पाचवी: रोजची गोळी

महिन्यात चार किंवा जास्त दिवस दुखत असेल, किंवा दिवस कमी असले तरी प्रत्येक अटॅक अंथरुणाला खिळवत असेल, किंवा अटॅकची औषधं चालतच नसतील, तर प्रतिबंधाची गोळी विचारात घ्यायची. ही गोळी दुखणं थांबवत नाही, अटॅक कमी आणि सौम्य करते. अटॅक निम्म्यावर आले तर ती लागू पडली म्हणायचं. आणि हे कळायला पुऱ्या डोसवर दोन ते तीन महिने लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारेच जास्त असतात.

डॉक्टर कोणती निवडतात? माणसाला सोबत आणखी काय आहे ते पाहून. रक्तदाब किंवा छातीची धडधड असेल तर प्रोप्रॅनोलॉल, दिवसाला ४० मिलिग्रॅमपासून १६० पर्यंत. दमेकऱ्याला ते अजिबात चालत नाही, आणि इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याला साखर उतरल्याची धडधड त्याने जाणवत नाही. झोप नसेल, मानेचे स्नायू आखडून दुखत असतील तर रात्री ॲमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅमपासून सुरुवात. तोंड कोरडं पडतं, वजन वाढतं. भारतात खूप चालणारं फ्लुनारिझिन रात्री ५ ते १० मिलिग्रॅम. त्याने गुंगी येते, भूक वाढते, काहींचं मन उदास होतं, आणि म्हाताऱ्या माणसात हातपाय थरथरणं, ताठ होणं दिसू शकतं. म्हणून ते वर्षानुवर्षं न घेता सहा महिन्यांनी थांबून पाहतात. वजन जास्त असेल तर टोपिरामेट, २५ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत ५० मिलिग्रॅम दोन वेळा. त्याने मुंग्या येतात, बोलताना शब्द सापडत नाही, आणि मुतखडा होऊ शकतो. रक्तदाबाची कँडेसार्टन ही गोळीही उपयोगी पडते. सोडियम व्हॅल्प्रोएट गुणकारी आहे, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी नको. गर्भाच्या पाठीच्या कण्यावर आणि बुद्धीवर त्याचे गंभीर परिणाम होतात.

पुण्या-मुंबईच्या चिठ्ठीत नसलेली एक गोष्ट आपल्याला धरावी लागते, ती म्हणजे इथलं ऊन. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो. टोपिरामेट घाम कमी करतं. ॲमिट्रिप्टिलीनही घाम कमी करतं. एक वजन वाढवतं, दुसरं कमी करतं, म्हणून ही जोडी कागदावर झकास दिसते आणि डॉक्टर ती वापरतातही. पण उघड्या रानात काम करणाऱ्या माणसाला चैत्र-वैशाखात ती दिली तर अंग थंड करायचा मार्गच आखडतो. टोपिरामेट असताना पाणी कमी पडलं तर मुतखड्याला आयतं आमंत्रण. प्रोप्रॅनोलॉलवर असलेल्याला उन्हात चक्कर येऊ शकते. याचा अर्थ गोळी बंद करा असा नाही. डॉक्टरांना "मी दिवसभर शेतात असतो" हे स्पष्ट सांगा. शक्य असेल तर टोपिरामेट पावसाळ्यात सुरू करता येईल का ते विचारा. उन्हाळ्यात अंग तापलं पण घाम नाही असं झालं तर सावलीत जा, अंग ओलं करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. नॅप्रोक्सेन-ब्रुफेनही उन्हात पाणी न पिता घेतली तर मूत्रपिंडाला इजा करते, तेव्हा आधी ताक-पाणी, मग गोळी. आणि गोळ्या मोटारसायकलच्या डिक्कीत, पत्र्याच्या घरात खिडकीत ठेवू नका.

एक पुरेना, मग दोन?

आपल्याकडे प्रोप्रॅनोलॉल आणि फ्लुनारिझिन एकाच गोळीत मिळतं आणि सर्रास लिहिलं जातं. पण पहिल्याच दिवशी दोन सुरू केली की कोणतं लागू पडलं आणि कोणतं बाधलं हे कळत नाही. एक औषध पुऱ्या डोसला न्यावं, दोन-तीन महिने द्यावेत, थोडाच फायदा झाला तर दुसरं जोडावं, हा क्रम शहाणपणाचा. दोन जोडली म्हणजे दुप्पट गुण येतोच असंही नाही. टोपिरामेट पुरेसं न पडलेल्या जुनाट अर्धशिशीच्या रुग्णांत प्रोप्रॅनोलॉल जोडून पाहणारी चाचणी अमेरिकेत झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात जास्तीचा फायदा दिसला नाही, आणि ती मध्येच थांबवावी लागली होती. तरीही प्रोप्रॅनोलॉलबरोबर कमी डोसचं ॲमिट्रिप्टिलीन ही जोडी झोप आणि मानेचा त्रास असणाऱ्यांत डॉक्टर वापरतात. फ्लुनारिझिन आणि ॲमिट्रिप्टिलीन एकत्र असतील तर गुंगी आणि वजन दोन्ही वाढतात. ट्रॅक्टर किंवा गाडी चालवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट एकत्र असताना माणूस सुस्त, गोंधळल्यासारखा वागू लागला तर रक्तातला अमोनिया वाढलेला असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मॅग्नेशियम आणि रोज ४०० मिलिग्रॅम रायबोफ्लॅविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, हे या कोणत्याही गोळीसोबत चालतं. गुण माफक येतो, बी-२ ने लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियम विचारून घ्या.

पायरी सहावी: रोजची आणि अटॅकची एकमेकींना भेटतात तेव्हा

चिठ्ठी एका डॉक्टरची, अटॅकची गोळी दुसऱ्याची, रक्तदाबाची तिसऱ्याची, असं असलं की ही पायरी कुणीच तपासत नाही. प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर रक्तातलं रिझाट्रिप्टान वाढतं, म्हणून रिझाट्रिप्टान १० ऐवजी ५ मिलिग्रॅम घ्यायचं. सुमाट्रिप्टानला ही अडचण नाही. प्रोप्रॅनोलॉलसोबत अर्गोटामीन घेतलं तर हातपाय थंड पडणं वाढतं. फ्लुनारिझिनवर असलेल्या आजीला मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन असलेली व्हॅसोग्रेन वारंवार दिली तर थरथर आणि ताठरपणा यायला दोन बाजूंनी वाट होते. मग कंपवात म्हणून तिसरं औषध सुरू होतं. रक्तदाबाची कँडेसार्टन किंवा टेल्मिसार्टन, सोबत लघवी वाढवणारी गोळी आणि वर नॅप्रोक्सेन, हा तिढा मूत्रपिंडासाठी वाईट, उन्हाळ्यात तर फारच. अशांनी पॅरासिटामॉलला प्राधान्य द्यावं. ॲमिट्रिप्टिलीन किंवा नैराश्याच्या गोळ्यांसोबत ट्रिप्टान घेतल्यास सेरोटोनिन वाढण्याचा इशारा पाकिटात छापलेला असतो. प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं आणि डॉक्टर दोन्ही देतात. मात्र अंग थरथरणं, ताप, खूप घाम, बेचैनी असं एकदम झालं तर लगेच दवाखाना.

ऑरासह अर्धशिशी असलेल्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. पाळी लांबवायला लग्नात-सणात घेतल्या जाणाऱ्या गोळ्याही विचारूनच घ्या. गरोदरपणात पॅरासिटामॉल हा पहिला पर्याय. विसाव्या आठवड्यानंतर ब्रुफेन-नॅप्रोक्सेन टाळायचं, आणि अर्गोटामीन, व्हॅल्प्रोएट, टोपिरामेट यांना पूर्ण मनाई. टोपिरामेट किंवा व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस राहिले तर गोळी स्वतःहून न तोडता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लहान मुलांना वजनाप्रमाणे आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल, आणि १६ वर्षांखाली ॲस्पिरिन नाही.

पायरी सातवी: डॉक्टरांकडे जाताना

कॅलेंडर भिंतीवरून काढून सोबत न्या, नाहीतर फोटो. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत, त्यात रक्तदाब, साखर, थायरॉइडच्या आणि गावच्या वैद्याने दिलेल्या पुड्याही. विचारायचं काय? अटॅकला पहिली कोणती, दोन तासांत नाही उतरलं तर दुसरी कोणती, महिन्यात जास्तीत जास्त किती दिवस. रोजची किती महिने आणि बंद करताना कशी. प्रोप्रॅनोलॉल अचानक तोडायचं नसतं, बाकीच्याही उतरत्या डोसने थांबवतात. चांगला गुण आला तर बहुधा सहा ते बारा महिन्यांनी कमी करून पाहतात. हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून घ्या. डॉक्टरांना वेळ नसेल तर तुमच्या मेडिकलवाल्याला लिहायला सांगा, ते त्याचं कामच आहे. प्रोप्रॅनोलॉल आणि ॲमिट्रिप्टिलीन या जुन्या, स्वस्त गोळ्या आहेत. जनऔषधी केंद्रात मिळतात का तेही बघा.

दोन-तीन प्रतिबंधक औषधं नीट वापरूनही महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखत राहिलं, तर न्यूरोलॉजिस्टला बोटॉक्स आणि सीजीआरपीवरच्या इंजेक्शनांबद्दल विचारा. जुनाट अर्धशिशीसाठी बोटॉक्सला अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली. दर १२ आठवड्यांनी डोकं, कपाळ, मान आणि खांदे मिळून ३१ ठिकाणी सुई देतात. सीजीआरपी हे अटॅकमध्ये वाढणारं एक प्रथिन आहे, ते अडवणारी इंजेक्शनं बहुधा महिन्यातून एकदा घ्यायची असतात आणि त्यांतलं पहिलं, इरेन्युमॅब, अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. दोन्ही महाग आहेत. एवढा खर्च मनात धरून नाशिक-पुण्याची गाडी पकडण्याआधी कॅलेंडरवरचे गोळीचे दिवस पुन्हा मोजा. ते दहाच्या वर असतील तर तिथलाही डॉक्टर आधी चौथ्या पायरीबद्दलच बोलेल.